चौगुले सरांनी ऐकलेला आवाज

चौगुले सर हात पुढे करायचे तो तळवा वर करून. देवळात तीर्थ घेताना आपण धरतो तसा, बोटं जरा आत वळवलेली. मुलाच्या दप्तरात फोन आहे हे कळलं तरी ते ओरडत नसत, दप्तर ओढत नसत. समोर उभे राहून हात पुढे करायचे आणि थांबायचे. मूल आधी छताकडे बघे, मग शेजाऱ्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे, आणि शेवटी फोन त्या हातावर येई. "आला?" सर विचारायचे. जणू तो आपल्या पायांनी चालत आला. मग म्हणायचे, "बस खाली."

निपाणीतल्या ज्या मराठी हायस्कुलात ते मुख्याध्यापक होते, तिथं आमची स्नेहल शिकली आणि मी पालक समितीत होतो. माझं काम पतसंस्थेत हिशेब तपासण्याचं. डोळ्यांनी बघितलं नाही त्यावर सही करायची नाही, ही सवय. इथंही तीच पाळतो. जे ऐकीव आहे, ते ऐकीव म्हणूनच सांगेन.

सर अंगानं सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन. घरी कन्नड, शाळेत मराठी. गणित शिकवताना फळ्यावर मराठीत लिहायचे, पण बेरीज ओठांतल्या ओठांत कन्नडमध्ये करायचे. रागही कन्नडमध्येच यायचा. वर्गात गोंधळ वाढला की एकच शब्द: "साकु." म्हणजे पुरे. तो शब्द आला की पुढचं कुणी ऐकायला थांबत नसे. मुलांनी त्यांचं नावच साकु सर पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा स्नेहल घाईत तोंडावरच "साकु सर" म्हणून गेली, तर म्हणाले, "नुसतं साकु म्हणाली असतीस तर रागावलो असतो. सर म्हणालीस, चालेल."

धर्म पाळायचे, पण त्याचा गवगवा नव्हता. सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यानंतर पाणीसुद्धा नाही, आणि बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. आमच्या समितीची बैठक लांबली की ते खिडकीकडे बघू लागत. खिडकीबाहेर वखारीच्या पत्र्यावर ऊन असेपर्यंत ते सगळ्यांचं ऐकून घेत. ऊन पत्र्याच्या कडेला आलं की उठत. "तुमचं चालू द्या. माझं पोट कॅलेंडर बघत नाही, सूर्य बघतं."

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. जैन घरांत त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागतात. सर ती शाळेतही मागायचे. प्रार्थना झाली की माईकसमोर उभे राहून हात जोडायचे, "वर्षभरात माझ्याकडून कळत नकळत कुणाचं मन दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा." मुलं एका सुरात ओरडायची, "क्षमा केली, सर!" त्यात मजाच जास्त असायची. मागच्या रांगेतला एखादा हळूच म्हणे, "मला गणितात नापास केल्याबद्दल न्हाई करणार." तेही सरांना ऐकू जायचं आणि ते हसायचे. मीही ते दोनदा बघितलं आणि हसलो. क्षमा मागणं इतकं सोपं असतं असं त्या वेळी वाटायचं.

फोनची गोष्ट टाळेबंदीपासून सुरू झाली. शाळा बंद होती तेव्हा हेच सर सायकलवर घरोघर फिरले. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत बायका बिड्या वळतात. त्या घरांच्या उंबऱ्यावर बसून ते सांगायचे, "काहीतरी करा, पण एक फोन घ्या. पोराचं वर्ष बुडेल." लोकांनी घेतले. शाळा उघडली तेव्हा ते फोन पोरांबरोबर शाळेत आले आणि जायचं नाव घेईनात. मधल्या सुट्टीत मैदान रिकामं, पोरं भिंतीला टेकून ओळीनं बसलेली, माना खाली. सर एकदा मला ती ओळ दाखवत म्हणाले, "हे मीच आणलंय. घरोघर जाऊन आणलंय. आता मलाच बाहेर काढलं पाहिजे."

नियम झाला. शाळेत येताच फोन जमा करायचा, सुटताना घ्यायचा. लपवून ठेवलेला सापडला तर तो पालकाच्याच हाती मिळेल. फोन ठेवायला पेटी दिली ती तंबाखूचे व्यापारी खोत आप्पांनी. त्यांच्या जुन्या वखारीत नमुने ठेवायची लाकडी पेटी होती, लहान लहान खणांची, एकेका खणात एकेका शेतातला तंबाखू. पेटी शाळेत आली, पुसली, खणांना नंबर घातले. पहिल्या खणात सरांनी स्वतःचा फोन ठेवला. साधा, बटणांचा. ते वापरायचे तोच.

आठवडा झाला नसेल, एक बाई पोराला कानाला धरून ऑफिसात घेऊन आल्या.

"सर, ह्याच्याकडं बघा जरा. तंबाखू खायला लागलंय."

"न्हाई गं आई!"

"गप! सर, ह्याच्या खिशाला वास, हाताला वास. फोन कानाला लावला तर मला ठसका आला. मी जन्मभर बिड्या वळते, मला वास कळत न्हाई व्हय?"

सर उठले. पेटीचं झाकण उघडलं. "वाका, आक्का, आणि वास घ्या."

बाई वाकल्या आणि तशाच खाली बसून हसायला लागल्या. पोरगं रडत होतं. मग सरांनी पेटी लिंबानं धुतली, चार दिवस उन्हात ठेवली. वास गेला नाही. शेवटी पालकांना तोंडी कळवण्यात आलं की, फोनला येणारा वास शाळेचा आहे.

पेटी देणाऱ्या खोत आप्पांचा मुलगाच पुढं फोन लपवताना सापडला. आप्पा जीपमधून उतरले ते तावातच. मी समितीच्या कामासाठी तिथंच बसलो होतो.

"सर, पोराचा फोन द्या."

"देतो की. पालकच आलेत म्हटल्यावर द्यायलाच पाहिजे. आधी तुमचा पेटीत ठेवा."

"माझा कशाला?"

"शाळेच्या वेळात आलाय न्हवं? माझाही आहे बघा, पहिला खण."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी माझा आधीच ठेवला होता. त्यांनी आपला मोठा फोन खणात टाकला आणि खुर्चीत बसले. तो लगेच वाजायला लागला. सर मुलाची प्रगती सांगत होते, फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. आप्पांचा पाय हलायला लागला.

"सर, लिलाव चालू हाय हो माझा!"

"इथं पोराच्या बीजगणिताच्या पेपराचं पण चालू आहे. त्यानं काय लिहिलंय बघणार का?"

आप्पा शेवटी हसले. जाताना म्हणाले, "पेटी मीच दिली, आणि मीच अडकलो. लई बेरकी हाय बघा हा माणूस."

नियम मोडणाऱ्याला सरांची एक खास शिक्षा होती. छडी त्यांनी कधीच वापरली नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्या मुलानं माईकवर यायचं आणि फोनवर काय बघत होता ते सगळ्यांना सांगायचं. बस, एवढंच. पोरं सांगायची: क्रिकेट, गाणी, म्हशींच्या शर्यती. एकानं सांगितलं, "दाढी लवकर यायला काय लावायचं ते बघत होतो." सगळी शाळा हसली, सर हसले, तो मुलगाही हसला. हसणं झालं की शिक्षा संपली. सरांना या पद्धतीचा अभिमान होता. मला म्हणाले होते, "मारलेलं लक्षात राहतं. हसलेलं विसरून जातात."

नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर पुन्हा आवाज यायला लागला. स्नेहल घरी येऊन मैत्रिणींची भांडणं सांगायला लागली. ते चांगलंच झालं.

स्नेहलच्या दहावीच्या वर्षी, संक्रांतीच्या आसपास, समितीची बैठक झाली. खोत आप्पा म्हणाले, "सर, एक विचारू? माईकवर आजवर उभं केलं ती सगळी पोरंच. पोरींना का न्हाई? पोरी काय फोन आणत न्हाईत?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. प्रश्न हिशेबाच्या दृष्टीनं बरोबर होता. सरांनी थोडा विचार केला. खिडकीकडेही बघितलं नाही. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

दोनच दिवसांनी मी पाण्याच्या टाकीचं काम बघायला सकाळी शाळेत गेलो होतो. म्हणून पुढचं मी स्वतः बघितलेलं आहे.

अश्विनी स्नेहलच्या वर्गातली. अबोल, दोन घट्ट वेण्या, अक्षर मोत्यासारखं. तिची आई घर सोडून गेली आहे एवढं गल्लीला माहीत होतं. नवरा मारायचा, हेही माहीत होतं. घरात आज्जी, बाप आणि चुलत्याचं कुटुंब. आज्जीनं सांगून ठेवलं होतं की ती बाई आम्हाला मेली. चुलतभाऊ याच शाळेत नववीत होता, आणि सुटताना पेटीतले फोन वाटायचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे अश्विनीनं आपला फोन पेटीत ठेवला असता, तर तिच्याकडे फोन आहे हेच घरी कळलं असतं. हा सगळा ताळा आम्ही नंतर जुळवला. त्या सकाळी कुणाच्याच डोक्यात तो नव्हता.

प्रार्थनेची घंटा झाली होती. ती टाकीच्या मागं फोन कानाला लावून उभी होती. सर तिकडून आले. हात पुढे केला, तळवा वर. ती हलली नाही. सरांनी वाट बघितली, मग तिच्या हातातून फोन घेतला. आजवर कधी घेतला नव्हता. तिला घेऊन सरळ माईकपाशी आले.

"काय ऐकत होतीस ते सांग, बाळ. सांगितलंस की संपलं."

तिनं वेणीचं टोक मुठीत धरलं.

"गाणं होतं?" पोरं हसायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "कुणाचा तरी निरोप असंल, सर!" हसणं वाढलं. सरही हसले. मी टाकीजवळ उभा होतो, माझ्याही तोंडावर हसू होतं.

"मग आपण सगळेच ऐकूया," सर म्हणाले. फोनची काच अजून उजळलेली होती. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि फोन माईकला लावला.

बाईचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. जरा बसलेला, प्रत्येक वाक्याचा शेवट ओढणारा.

"अशू, जेवलीस का गं? डोकीला तेल लावत जा, परीक्षेच्या वक्ताला डोकं तापतं. भिऊ नको. मी बरी हाय. हितं लोंढ्यात ठेसनाम्होरं खानावळीत भाकऱ्या बडवते. एक खोली बघितली हाय. तुझा शेवटचा पेपर झाला की तू ये, मी न्यायला येते. आज्जीला सांगू नको. कुणालाच सांगू नको, माझ्या बाय."

पहिल्या वाक्यालाच सरांच्या लक्षात आलं होतं. ते फोनच्या काचेवर बोट दाबत होते, पुन्हा पुन्हा, बटण दाबल्यासारखं, जोरानं. त्यांना तो फोन बंद करता येत नव्हता. "साकु," ते म्हणाले. फोनलाच म्हणाले. "साकु, साकु." ते माईकवर सगळ्यांना ऐकू गेलं. माईकपासून फोन दूर न्यावा हेही त्यांना सुचलं नाही. मलाही धावत जावंसं सुचलं नाही. आवाज चालूच होता. शेवटी ती बाई स्वतःशीच हसून म्हणाली, "ह्ये बंद कसं करायचं गं?" आणि मग संपलं.

नववीच्या रांगेत तो चुलतभाऊ उभा होता. अश्विनीनं त्याच्याकडे बघितलं. सरांकडे एकदाही बघितलं नाही.

दुपारी तिचा बाप आला. त्याला फोन हवा होता. तो पालक होता आणि नियम लेखी होता. सरांनी टेबलावरून फोन त्याच्याकडे सरकवला. हे शिपायानं सांगितलेलं. तो म्हणाला, फोन दिल्यावर सर बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाप आणखी दोघांना घेऊन लोंढ्याला गेला. खानावळीत आरडाओरडा केला. मालकानं कटकट नको म्हणून त्या बाईला कामावरून काढून टाकलं. ती कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. अश्विनीचा फोन घरी दगडानं फोडला. हे सगळं गल्लीत मोठ्यानं सांगितलं जात होतं, पराक्रम सांगावा तसं.

अश्विनी शाळेत येईना. चार-पाच दिवसांनी सर माझ्या दारात आले. "माझ्याबरोबर येता का? एकट्याचं धाडस होत नाही." मी गेलो.

आज्जी ओसरीवर बसली होती. सरांना बघून लगबगीनं उठली, घोंगडं अंथरलं.

"या, या सर! बसा की. लई उपकार झालं बघा तुमचं. तुमच्यामुळं कळलं, न्हाईतर पोरगी गेलती हातची. बापाला जे जमलं न्हाई ते तुमी केलंसा."

सर बसले. चहा आला. ते बाहेरचा चहा पीत नाहीत हे मी सांगणार होतो, पण त्यांनी कप हातात घेतला. तो तसाच धरून बसले.

"शाळेत असा नियम पायजेच," आज्जी म्हणाली. "आमी सगळ्यास्नी सांगतो, चौगुले सर हाय म्हणून शाळा हाय."

आत, दाराच्या चौकटीतून दिसत होतं, अश्विनी सुपात पानं घेऊन बिडीच्या मापानं कातरत होती. कात्रीचा आवाज एका लयीत येत होता. आज्जी सरांचं कौतुक करत होती तोवर तो थांबला नाही.

"तिला परीक्षेला बसू द्या," सर म्हणाले.

"कशाला आता शाळा? पुन्यांदा तेच."

सरांनी कप खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "माझे उपकार झाले म्हणता ना? मग माझ्यासाठी बसू द्या."

आज्जीनं एकदा आत बघितलं. "तुमी म्हणताय म्हणून," ती म्हणाली.

परतताना गल्लीच्या तोंडाशी सर थांबले. "बघितलंत? माझं वजन कशानं वाढलं ते? आणि तेच वजन वापरून आलो मी." घरी गेल्यावर त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नीनं माझ्या पत्नीला सांगितलं. ऊन अजून होतं.

अश्विनी चुलतभावाच्या सोबतीनं यायची, परीक्षा देऊन जायची. पास झाली. बरे गुण पडले. शेवटच्या पेपराला स्नेहल तिच्याबरोबर बाहेर पडली. ती सांगते की अश्विनी फाटकाबाहेर उभी राहून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होती. भाऊ "चल की गं" म्हणत होता. न्यायला कुणी आलं नाही. येणार तरी कसं?

सरांनी पेटी बंद केली नाही. आम्हाला वाटलं होतं करतील. पण माईकवरची शिक्षा त्यांनी अश्विनीला उभं केलं त्याच दिवशी बंद केली होती, आणि शाळेच्या नवीन वर्षाला एक गोष्ट सुरू केली. ऑफिसचा फोन नकाशांच्या खोलीत नेऊन ठेवला. ज्या मुलाला घरी किंवा आणखी कुठंही बोलायचं असेल, त्यानं आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. कुणाशी बोललास हे कुणीही विचारायचं नाही. मुदत संपली नव्हती म्हणून मी अजून समितीत होतो; तिथं खोत आप्पांनी विचारलं, "आणि पोरांनी भलतंच काही केलं तर?" सर म्हणाले, "करू देत." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यानंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही. पोर आत गेलं की सर त्या दारासमोर उभे राहायचे, पाठ दाराकडे करून, पावलं टाकत जरा लांब जायचे, आतलं ऐकू येणार नाही एवढं.

भाद्रपद आला. क्षमावणीच्या दिवशी प्रार्थनेनंतर मुलं वाट बघत होती. सर माईकपाशी आले, माईककडे बघितलं आणि "वर्गात जा" एवढंच म्हणाले. मुलांना वाटलं विसरले. दुपारी ते अश्विनीकडे गेले. या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही. जे मला माहीत आहे ते त्यांनीच पुढं सांगितलेलं. ती तेव्हा कॉलेजला जायला लागली होती. आज्जी बाजाराला गेलेली. सरांनी हात जोडले. कळत नकळत वगैरे शब्द त्यांना म्हणवेनात. नुसतेच उभे राहिले.

अश्विनी म्हणाली, "माझ्याकडं काय मागताय, सर. आईला विचारा."

यानंतरच्या वर्षातलं मला त्यांच्याबद्दल फारसं सांगता येत नाही. ते निवृत्त झाले. निरोपाला मी गेलो, खोत आप्पा शाल घेऊन आले होते, सरांनी ती घेतली नाही. रविवारी ते पहाटेच्या बेळगाव गाडीला दिसतात, असं एकदोघांनी सांगितलं. नातेवाइकांकडे जात असतील असं मी धरून चाललो. विचारून बघावं असं वाटलं, तरी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना भेटणं मी टाळत होतो. ते समोर आले की मला त्या सकाळचं माझ्या तोंडावरचं हसू आठवायचं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं गोव्याला निघालो होतो. बेळगावात गाडी पकडली. लोंढ्याला ती बराच वेळ थांबणार असं कळलं, म्हणून मी पाणी आणायला उतरलो. स्टेशनासमोर दोन-तीन खानावळी आहेत. एकीच्या बाहेरच्या बाकावर चौगुले सर बसले होते.

केस पिकले होते. शर्ट तसाच पांढरा. समोर चहाचा कप, न प्यालेला, वर साय धरलेली.

"सर? इकडं कुठं?"

"बसलोय जरा." त्यांनी बाकावर मला जागा करून दिली. "तुम्ही?"

मी सांगितलं. मग मला सगळं एकदम कळलं, आणि तरी मी विचारलं, "दर रविवारी येता?"

"जमेल तसा."

"मालकाला विचारलंत?"

"काय विचारू? नाव घेतलं की चौकशी होते, कोण, कुठली, कशाला पाहिजे. एकदा मी गावभर केलंच आहे. आता नाव घ्यायचं नाही." ते हळू बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांचं डोकं जरा आतल्या दिशेला कललेलं होतं. "मी त्यांना बघितलेलं नाही. पालकसभेला बापच यायचा. मला फक्त आवाज माहीत आहे. इथल्या एकेका खानावळीत थोडा वेळ बसतो. चहा मागवावा लागतो, नाहीतर बसू देत नाहीत. आत बायका बोलत असतात, ते ऐकतो."

"आणि भेटल्या तर काय म्हणणार?"

"मुलगी पास झाली म्हणून सांगेन. एवढं त्यांना माहीत नसणार." थांबून म्हणाले, "मग त्या काय म्हणतील ते ऐकेन."

ऊन समोरच्या झाडाच्या शेंड्यावर गेलं होतं. "सर, तुमची जेवायची वेळ," मी म्हणालो. पूर्वी त्यांना कधी आठवण करावी लागली नव्हती. त्यांच्या पिशवीत डबा दिसत होता, त्याची कडी लावलेली होती.

तेवढ्यात आतून कुणीतरी बाई बोलली. भांड्यांच्या आवाजातून, लांबून. "अगं, ती परात दे की हिकडं..." आवाज जरा बसलेला होता. शेवट ओढल्यासारखा वाटला.

सरांनी हात वर केला. "साकु," ते मला म्हणाले, अगदी हळू. मी श्वास रोखला. ती बाई पुढं काहीतरी बोलायला लागली होती.

आणि माझ्या खिशातला फोन वाजला. गाडी सुटायची वेळ झाली असणार, म्हणून पत्नीनं केला होता. मी खिशात हात घातला, फोन अडकला, निघेना. निघाला तेव्हा काचेवर बोट नीट लागेना. तो वाजतच राहिला, आणि वाजायचा थांबला तेव्हा आत फक्त भांडी वाजत होती.

सरांनी सवयीनं हात पुढे केला, तळवा वर, बोटं जरा आत वळवलेली. मग तो आपलाच हात आहे हे लक्षात आल्यासारखा मागं घेतला, मांडीवर ठेवला, आणि पुन्हा दाराकडे कान दिला.